रकान्यात काय लिहायचं?

परवा बँकेत फॉर्म भरत होते. 'व्यवसाय' या रकान्यापाशी पेन अडलं. २० वर्षं घरी शिवणकाम करतेय, दोन्ही मुलांची फी त्यातूनच भरली. तरी सवयीने 'गृहिणी' लिहून मोकळी झाले. घरी येताना मात्र डॉ. रखमाबाई आठवत राहिल्या.

जन्म १८६४ चा, मुंबईतला. ११व्या वर्षी दादाजी भिकाजींशी लग्न झालं. पण त्या सासरी नांदायला गेल्याच नाहीत. आई जयंतीबाई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडे राहून शिकत राहिल्या. बायको नांदायला यावी म्हणून दादाजींनी १८८४ मध्ये कोर्टात दावा लावला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, पण १८८७ मध्ये फासा उलटा पडला. नांदायला जा, नाहीतर ६ महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी ठेवली! केवढा गदारोळ झाला. टिळकांच्या 'केसरी'नेही त्यांच्या विरोधात लिहिलं. शेवटी १८८८ मध्ये २,००० रुपये घेऊन दादाजींनी आपला हक्क सोडला.

इथवरची गोष्ट आपल्यातल्या बऱ्याच जणींना ठाऊक असते. मला त्यापुढची जास्त भावते. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना पाठबळ दिलं. १८८९ मध्ये रखमाबाई लंडनला शिकायला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या. मग आधी सुरत आणि नंतर राजकोट, तिथल्या बायकांच्या दवाखान्यांत त्यांनी सुमारे ३५ वर्षं काम केलं. पुरुष डॉक्टरपुढे यायला लाजणाऱ्या बायकांचा तो काळ. १९५५ मध्ये, नव्वदी पार केल्यावर त्या गेल्या.

मैत्रिणींनो, कोर्टात एकच प्रश्न होता, ही बाई कुणाची? तो खटल्याने मिटला, पण उत्तर मिळालं ते सुरतेत. बाळंतिणीच्या उशाशी बसलेल्या बाईला कुणी असं विचारत नाही. तिथे त्या फक्त डॉक्टरीणबाई होत्या. नाव कोर्टाने गाजवलं, ओळख मात्र रोजच्या कामाने दिली.

आपली कामं एवढी मोठी नसतील. पण शिवण, शिकवणी, पापड-लोणची, शेतातली मजुरी, हे कामच ना? दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन मी रकाना दुरुस्त करून आले. 'शिवणकाम' लिहिलं. अक्षर जरा थरथरलं, पण लिहिलं.

तुम्ही काय लिहिता?