फ्रँक फ्रेडरिक्सन

कॅनडा देशात विनिपेग नावाचे नगर आहे. तेथील हिवाळा मोठा कडक. नद्या गोठून दगडासारख्या होतात आणि पोलादी पात्यांचे बूट घालून मुले त्यांवर हॉकी खेळतात. या खेळात चेंडू नसतो. रबराची चपटी चकती काठीने पुढे ढकलावयाची असते. याच नगरात ११ जून १८९५ रोजी फ्रँक फ्रेडरिक्सनचा जन्म झाला. त्याचे आईबाप मूळचे आइसलँड बेटावरचे. सहा वर्षांचा होईपर्यंत त्याला आइसलँडच्या भाषेवाचून दुसरी भाषा ठाऊक नव्हती. पुढे त्याला दोन गोष्टींचा नाद लागला : एक हॉकीचा आणि दुसरा व्हायोलिनचा.

तो फाल्कन्स, म्हणजे ससाणे, या संघाचा नायक झाला. संघातील जवळजवळ सर्वच गडी आइसलँडी वंशाचे होते. पहिले महायुद्ध पेटले तेव्हा हे खेळाडू सैन्यात भरती झाले. फ्रँकने मिसर देशात वैमानिकाचे शिक्षण घेतले. मे १९१८ मध्ये तेथून परतताना भूमध्य समुद्रात पाणबुडीने त्याची बोट बुडविली. जीव वाचविण्याच्या त्या धांदलीतही त्याने व्हायोलिन सोडले नाही, असे सांगतात. थॉर्स्टाइनसन आणि कंबर्स हे त्याचे दोन सवंगडी मात्र त्याच वर्षी रणांगणावर पडले.

उरलेले घरी परतले. पण विनिपेगच्या वरिष्ठ स्पर्धेत त्यांना प्रवेश मिळेना. देशासाठी लढून आलेल्या तरुणांना आपल्याच गावात परके ठरावे लागले! त्यांनी रडगाणे गायिले नाही. सेलकर्क व ब्रँडन येथील संघांना बरोबर घेऊन त्यांनी वेगळी स्पर्धा भरविली, ती जिंकली, आणि मग ज्यांनी दार लावून घेतले होते त्यांच्या विजेत्यांनाही हरविले. मार्च १९२० मध्ये टोराँटो विद्यापीठाच्या संघाला नमवून त्यांनी अ‍ॅलन चषक मिळविला. त्यामुळे बेल्जममधील अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांसाठी कॅनडाचा संघ म्हणून त्यांचीच रवानगी झाली. वेळ इतका थोडा होता की, ते घरी न जाता परस्पर जहाजावर चढले.

ऑलिंपिकमध्ये बर्फावरील हॉकी प्रथमच खेळली जात होती. एप्रिल महिन्यात कॅनडाने झेकोस्लोव्हाकियावर पंधरा गोल चढविले. अमेरिकेशी झालेला सामना मात्र अटीतटीचा झाला. तो कॅनडाने दोन गोलांनी जिंकला आणि त्यांतील एक फ्रँकचा होता. स्वीडनविरुद्ध बारा गोल झाले. स्वीडनला एक गोल करता आला; सबंध स्पर्धेत कॅनडावर झालेला तो एकमेव गोल. तीन सामन्यांत फ्रँकने एकट्याने बारा गोल केले व संघाला सुवर्णपदक मिळाले.

त्यानंतर पूर्वजांच्या आइसलँडला जाऊन त्याने काही काळ विमान चालविले. पुढे तो धंदेवाईक खेळाडू झाला आणि १९२५ मध्ये व्हिक्टोरियाच्या संघातून खेळून त्याने स्टॅन्ली चषकही जिंकला. प्रिन्स्टन विद्यापीठात हॉकी शिकवीत असता त्याचा शास्त्रज्ञ आइन्स्टाइन यांच्याशी परिचय झाला. तेही व्हायोलिन वाजवीत. १९७९ मध्ये फ्रँकचे निधन झाले.