समुद्राच्या तळाचा शोधक : मॉरिस युइंग

आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत विहीर खणतांना माती संपून काळा फत्तर लागला, कीं पहारीचा आवाज पालटतो. अशाच आवाजावरून समुद्राचा तळ ओळखणाऱ्या एका शास्त्रज्ञाचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

मॉरिस युइंग यांचा जन्म १२ मे १९०६ रोजीं अमेरिकेंतील टेक्सास प्रांतीं लॉकनी येथें झाला. शिष्यवृत्तीवर शिकून ते पदार्थविज्ञानाचे अध्यापक झाले. १९३५ सालीं अटलांटिस नांवाच्या जहाजावरून त्यांनीं समुद्रांत सुरुंग उडविले व त्यांचा नाद तळाखालून कसा परततो, हें मोजण्यास आरंभ केला. उंच स्वर तळाच्या चिखलांत लवकर विरतो. खर्जाचा नाद मात्र खोल शिरतो. पाण्यांत तो सेकंदास सुमारें १,५०० मीटर धांवतो, कठीण खडकांत त्याहून पुष्कळ जलद. म्हणून उथळ समुद्रांत असा नाद किती दूर व कोणत्या रूपानें पोंचेल, हें बव्हंशीं तळच ठरवितो. यासंबंधींचीं निरीक्षणें त्यांनीं व त्यांचे सहकारी वॉर्झेल यांनीं १९४८ सालीं प्रसिद्ध केलीं.

१९५४ सालीं तुफानांत एका लाटेनें व्हेमा जहाजावरील चौघांस समुद्रांत ओढून नेलें. एकजण बुडाला, युइंग वांचले, परंतु त्यांचा पाय अधू झाला. तरीही त्यांनीं समुद्र सोडला नाहीं.

४ मे १९७४ रोजीं ते निवर्तले. त्याच वर्षीं मुंबईनजीकच्या समुद्रतळाखालीं खनिज तेल सांपडलें, तेंही अशाच नादशोधाच्या साह्यानें. जें दृष्टीस पडत नाहीं, तेंही चिकाटीनें ऐकणारास कळतें, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानीं धरावें.