सव्वीस दिवसांची कादंबरी

शाळकरी वयात, इंदूरच्या आमच्या जुन्या घरी, वडिलांच्या कपाटातील एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत मी प्रथम वाचले, की फ्योदोर दोस्तोयेव्हस्की या रशियन लेखकाने एक अख्खी कादंबरी २६ दिवसांत पुरी केली. त्या वेळी मला केवळ वेगाचे नवल वाटले. पुढे त्याचे चरित्र वाचले, तेव्हा ते नवल दुसरीकडे वळले.

दोस्तोयेव्हस्कीचा जन्म १८२१ सालचा, मॉस्कोतला. १८४९ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून त्याला वधस्थानी नेण्यात आले आणि ऐन वेळी सैबेरियातील चार वर्षांची सक्तमजुरी सुनावण्यात आली. १८६४ साली पत्नी वारली, पाठोपाठ थोरला भाऊ गेला. भावाच्या मासिकाचे कर्ज त्याने आपल्या शिरावर घेतले. सावकारांच्या तगाद्याने जेरीस येऊन १८६५ मध्ये त्याने स्टेलोव्स्की नावाच्या प्रकाशकाशी ३,००० रूबलांचा करार केला. अट अशी, की १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत नवी कादंबरी हाती न आल्यास पुढील ९ वर्षे त्याचे लेखन प्रकाशकाने एक छदामही न देता छापावे.

ते वर्ष ‘गुन्हा आणि शिक्षा’ लिहिण्यात सरले. ऑक्टोबर उजाडला (या तारखा तिकडच्या जुन्या पंचांगाच्या), तरी नव्या कादंबरीची एक ओळही नव्हती. मित्र म्हणाले, आपण सर्वांनी एकेक भाग वाटून घेऊ. त्याने साफ नकार दिला. दुसऱ्याच्या लेखनाखाली आपले नाव घालणे त्याला मान्य नव्हते. अखेर एका मित्राने लघुलेखकाची युक्ती सुचविली, आणि ४ ऑक्टोबरला २० वर्षांची आन्ना स्निटकिना त्याच्या दारी आली.

दुपारी तो सांगे, ती लघुलिपीत उतरून घेई. रात्री घरी बसून ती स्वच्छ प्रत करी; दुसऱ्या दिवशी तो ती तपासे. विषय होता जुगाराच्या व्यसनाचा, आणि तो त्याने स्वतः भोगलेला होता. पानांची चळत वाढू लागली तसा त्याला धीर आला. २९ तारखेला ‘जुगारी’ संपली. द्यायला जावे तर प्रकाशक गावाबाहेर! शेवटी हस्तलिखित पोलीस ठाण्यात जमा करून मुदतीच्या आत पावती घेतली.

१८६७ च्या फेब्रुवारीत दोघांचा विवाह झाला. कादंबरी लिहून झाली म्हणून व्यसन मात्र सुटले नाही. परदेशी त्यापायी तिचे दागिनेही गहाण पडले. १८७१ साली एकदाचा तो जुगार थांबला. मायदेशी परतल्यावर आन्नाने देणेकऱ्यांना तोंड दिले आणि १८७३ पासून पतीची पुस्तके स्वतः छापून विकली. तो १८८१ मध्ये गेला, ती १९१८ मध्ये.

ज्ञानेश्वरीच्या अखेरीस लेखक म्हणून सच्चिदानंदबाबांचे नाव आदराने आलेले आहे. आजी पारायण संपविताना तेथे हात जोडीत असे, ते मला आठवते. माझ्याजवळच्या ‘जुगारी’वर एकच नाव छापलेले आहे. त्याखाली, पेन्सिलीने, मी आन्नाचे नाव लिहून ठेवले आहे.