रोजेदारांसोबत उपवास करणारा रशियन व्यापारी

बिदर, गुलबर्गा, आळंद ही नावे माकणी, लोहारा, उमरगा भागातल्या माणसाला परकी नाहीत. माकणीच्या धरणातून खाली जाणारे तेरणेचे पाणी मांजरेला मिळते आणि मांजरा पुढे बिदर जिल्ह्यात शिरते. ख्वाजा बंदेनवाजांच्या उरुसाला इकडून सर्व जातिधर्मांचे लोक गुलबर्ग्याला जातात. याच मुलखात साडेपाचशे वर्षांपूर्वी एक रशियन ख्रिस्ती माणूस राहून गेला. त्याने इथली शिवरात्र पाहिली, ईदची मिरवणूक पाहिली, उरुसाची जत्रा पाहिली. मुसलमानांच्या उपवासाच्या दिवसांत त्यांच्याबरोबर उपवास केला आणि त्यांच्याबरोबरच सोडला. त्याचे नाव अफनासी निकितीन.

निकितीन हा व्होल्गा नदीकाठच्या त्वेर या शहरातला व्यापारी. विद्वान नव्हे की धर्मगुरू नव्हे. १४६८ च्या सुमारास माल दोन नावांत भरून तो नदीच्या प्रवाहाबरोबर खाली निघाला. कास्पियन समुद्राकाठच्या शिरवान राज्यात माल विकायचा आणि परत यायचे, एवढाच बेत होता. सोबतीला शिरवानचा वकील हसन बेग होता. रशियाच्या राजाने भेट दिलेले नव्वद शिकारी ससाणे घेऊन तो मायदेशी परतत होता.

अस्त्राखानजवळ तातारांनी नावा लुटल्या. निकितीनच्या सामानासोबत त्याची पुस्तकेही गेली. उरलेल्यांपैकी एक नाव पुढे समुद्रात वादळाने फुटली आणि तिच्यावरचे लोक कैद झाले. त्यांची सुटका झाल्यावर सगळ्यांनी शिरवानच्या शहाकडे परतीच्या खर्चासाठी मदत मागितली. माणसे पुष्कळ आहेत म्हणून शहाने काहीच दिले नाही. मग सारे रडत रडत पांगले. गावी ज्याचे काही होते तो गावी गेला. ज्याच्या डोक्यावर कर्ज होते त्याला परतायची सोय नव्हती, तो वाट फुटेल तिकडे गेला. निकितीन परत गेला नाही. दरबंद, बाकू करत तो इराणात उतरला आणि सारी, काशान, यज्द, लार अशी गावे घेत होर्मुझ बंदरात पोहोचला. तिथे त्याला कळले की हिंदुस्थानात घोडे निपजत नाहीत, घोड्याला तिकडे सोन्याचा भाव मिळतो. त्याने एक घोडा घेतला आणि तो जहाजावर चढला.

चौलला उतरलेला गोरा माणूस

१४६९ साली तो चौलला उतरला. वास्को द गामा कालिकतला आला तो त्यानंतर एकोणतीस वर्षांनी. गोरा माणूस पाहून लोक त्याच्या मागे मागे फिरत. त्याचेही डोळे तितकेच कुतूहलाने पाहत होते. लोक काय नेसतात, केस कसे बांधतात, काय खातात, हे सगळे त्याने टिपून ठेवले. चौलहून पाली, तिथून घाट चढून शिवनेरीच्या पायथ्याचे जुन्नर. घोडा जुन्नरपर्यंत आणायला आपले शंभर रूबल खर्च झाले, हा हिशेबही तो मांडतो.

जुन्नरला पावसाळा लागला. रात्रंदिवस पाऊस आणि जिकडे तिकडे चिखल, असे चार महिने असतात आणि त्याच दिवसांत इथले लोक पेरणी करतात, याचे त्याला नवल वाटले. घोड्याला हरभरा घालतात, साखर-तूप घालून खिचडीही देतात, हे त्याने लिहिले. आपल्या खिचडीचा उल्लेख रशियन लिखाणात आला तो असा, घोड्याच्या चाऱ्यापासून. पुढे माणसांच्या जेवणातही त्याने ती नोंदवली.

जुन्नरचा कारभार असदखानाकडे होता. परदेशी व्यापारी मुसलमान नाही, रशियन आहे, हे कळल्यावर खानाने त्याचा घोडा काढून घेतला. मुसलमान झालास तर घोडाही देतो आणि वर हजार मोहरा देतो. नाही झालास तर घोडा जाईल आणि हजार मोहरा दंडही वसूल होईल. मुदत चार दिवसांची. निकितीनसाठी ते त्याच्या धर्मातल्या उपवासाचे दिवस होते. दूरच्या मुलखात त्याच्यासाठी रदबदली करणारे कोणी नव्हते आणि घोडा हीच त्याची सारी पुंजी होती.

मुदत संपत आली असताना खुरासानचा ख्वाजा मोहम्मद नावाचा गृहस्थ जुन्नरला आला. निकितीनने त्याच्यापुढे पदर पसरला. ख्वाजा खानाकडे गेला, त्याच्याशी बोलला आणि घोडा सोडवून आणला. धर्माचा प्रश्नही तिथेच मिटला. एका मुसलमान अधिकाऱ्याने जबरदस्ती केली आणि एका मुसलमानानेच ती मोडून काढली. निकितीनने दोन्ही गोष्टी लपवल्या नाहीत. ख्वाजा मोहम्मदने केलेले काम त्याला देवाचा चमत्कार वाटला. पण ज्या व्यापाऱ्यांनी हिंदुस्थानात रशियासाठी भरपूर माल मिळेल असे सांगितले होते, त्यांच्यावर तो तितकाच चिडला. इथे मिरी आणि रंग स्वस्त होते, पण त्याच्या देशात खपेल असे फार काही नव्हते. जकात जबर होती आणि समुद्रात चाचे होते.

बिदरचे दिवस

पावसाचा जोर ओसरल्यावर तो घोडा घेऊन बिदरला निघाला. महिनाभराची वाट होती. जुन्नर ते बिदर म्हणजे आजचा पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाडा ओलांडून जाणे. वाटेतल्या बहुतेक गावांची नावे त्याने दिली नाहीत. दिवसाला तीन, कधी चार गावे लागत, एवढेच सांगितले. तेव्हा हा सारा मुलूख बहमनी सुलतानाच्या अमलाखाली होता. गादीवर तरुण मुहम्मदशहा तिसरा आणि कारभारी त्याचा वजीर महमूद गवान. गवानचा प्रसिद्ध मदरसा बिदरमध्ये त्याच काळात उभा राहत होता. १४७२ मध्ये तो पूर्ण झाला.

बिदरच्या राजवाड्याला सात दरवाजे होते. दरवाजांवर लेखनिक बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद करत. ईदच्या दिवशी सुलतानाची स्वारी निघाली तेव्हा चिलखत घातलेले तीनशे हत्ती त्याने मोजले. सुलतानाच्या अंगावरची रत्ने, सोन्याचे खोगीर, पुढे नाचणारे आणि वाजवणारे, सगळे त्याने लिहिले. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. अमीर-उमराव चांदीच्या पालख्यांतून फिरतात आणि खेड्यातला माणूस अगदी उघडा-नागडा आहे, हेही त्याच वहीत आहे. त्याच्या वहीतले हे वाक्य पुढच्या काळातल्या अभ्यासकांनी फार मोलाचे मानले.

बिदरपासून काही मजलांवर आळंदला शेख अलाउद्दीन यांच्या नावाने जत्रा भरे. ती दहा दिवस चाले. देशभरचा माल तिथे येई आणि वीस हजारांपर्यंत घोडे विकायला येत, असे तो सांगतो. लाडले मशाइख या नावाने ओळखला जाणारा तो दर्गाह आजही आळंदला आहे. त्या भागात रात्री ओरडणारा एक पक्षी आहे आणि तो ज्याच्या घरावर बसेल तिथे माणूस दगावतो, अशी लोकांची समजूतही त्याने टिपली. घुबडाबद्दलची ही समजूत खेड्यापाड्यांत अजून ऐकायला मिळते.

नाताळच्या सुमारास त्याने घोडा विकला. मग तो बिदरमध्ये राहिला आणि हिंदू लोकांशी त्याची ओळख वाढली. तोवर तो ख्वाजा यूसुफ खुरासानी या नावाने वावरत होता. या लोकांना मात्र त्याने आपण मुसलमान नसून ख्रिस्ती आहोत आणि आपले नाव अफनासी आहे, असे सांगून टाकले. तेव्हापासून त्यांनी त्याच्यापासून काही लपवले नाही. खाणेपिणे, व्यापार, पूजा, घरातली माणसे, सगळे मोकळे झाले. इथे चौऱ्याऐंशी पंथ आहेत आणि एकमेकांत ते जेवत नाहीत, लग्ने करत नाहीत, हे त्याला त्यातूनच कळले.

त्यांच्याबरोबर तो महिनाभराचा प्रवास करून शिवरात्रीला श्रीशैल पर्वतावर गेला. ख्रिस्ती माणसाला जसे जेरुसलेम, मुसलमानाला जशी मक्का, तसे या लोकांना हे ठिकाण आहे, असे त्याने आपल्या वाचकांना समजावले. देवळाच्या भिंतीवरची कोरीव चित्रे, पुढचा काळ्या दगडाचा प्रचंड नंदी, त्याच्या खुरांना ओठ लावणारे आणि त्याच्यावर फुले वाहणारे भाविक, यांचे वर्णन त्याने केले. दुसऱ्याच्या देवाची टिंगल करण्यासाठी त्याने ते लिहिले नाही. जे पाहिले ते लिहिले.

हरवलेला ईस्टर

एवढे सगळे पाहणाऱ्या या माणसाच्या मनाला एक गोष्ट मात्र सतत टोचत होती. आपला सण कधी आहे, हेच त्याला कळेनासे झाले होते. ईस्टर ठरावीक तारखेला येत नाही. वसंतातल्या पौर्णिमेनंतरचा रविवार गणित करून काढावा लागतो आणि त्या गणिताची कोष्टके पुस्तकांत असतात. त्याची पुस्तके अस्त्राखानजवळच गेली होती. आसपास एकही ख्रिस्ती माणूस नव्हता. कोणता दिवस बुधवार, कोणता शुक्रवार, याचाही पत्ता राहिला नव्हता. मग तो आभाळाकडे पाहू लागला. कृत्तिका आणि मृग पहाटेच्या उजेडात शिरले आहेत, सप्तर्षींचे डोके पूर्वेकडे वळले आहे, अशा खुणांवरून तो सणाचा अंदाज बांधी. पेरणीसाठी नक्षत्रे पाहणाऱ्या इथल्या शेतकऱ्याला ही पद्धत समजायला वेळ लागणार नाही.

याच काळात बिदरमधल्या एका मलिकाने त्याला मुसलमान होण्याविषयी विचारले. निकितीनने उत्तर दिले की तुम्ही तुमची नमाज पढता, मी माझी प्रार्थना करतो. तेव्हा मलिक म्हणाला की तू मुसलमान तर नाहीसच, पण ख्रिस्ती धर्मही तुला ठाऊक दिसत नाही. असदखानाच्या धमकीने जे झाले नव्हते ते या साध्या बोलण्याने झाले. निकितीन खोल विचारात पडला. आपण वाट चुकलो, आपले उपवास आणि सण सारे गेले, असे म्हणत त्याने देवाची करुणा भाकली.

भोवतीच्या मुसलमानांना कोष्टकांची गरज नव्हती. चंद्र दिसला की महिना सुरू आणि पुढचा चंद्र दिसला की ईद. त्या वर्षांत रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येत होता. ख्रिस्ती लोकांचा ईस्टरआधीचा मोठा उपवासही साधारण त्याच दिवसांतला. चांद्रवर्ष दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरकते, त्यामुळे हे दोन उपवास नेहमी जुळत नाहीत. त्या वर्षांत ते जवळ आले होते. परतीच्या वर्षी निकितीनने मुसलमानांसोबत उपवास धरला, त्यांच्यासोबत सोडला आणि आपला ईस्टर गुलबर्ग्याला साजरा केला. उपवास इतरांच्या सोबतीने, प्रार्थना स्वतःच्या देवाची, असा मार्ग त्याने काढला. कोणी त्याला हाकलले, असे त्याच्या वहीत नाही.

वह्या घरी पोहोचल्या

१४७१-७२ च्या सुमारास तो दाभोळ बंदरातून जहाजावर चढला. वादळाने जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्याला नेले. तिथून मस्कत, होर्मुझ, शिराझ, तबरीझ, मग काळ्या समुद्रावरचे त्रबझोन. तिथल्या अधिकाऱ्यांनी कागदपत्रे शोधण्याच्या नावाखाली त्याचे सामान पुन्हा उपसले आणि चीजवस्तू लंपास केल्या. वह्या मात्र वाचल्या. क्रिमियातल्या काफा बंदरातून तो मायदेशाकडे निघाला, पण त्वेर त्याला दिसले नाही. स्मोलेन्स्कला पोहोचण्याआधीच वाटेत त्याचा मृत्यू झाला. सोबतच्या व्यापाऱ्यांनी वह्या मॉस्कोला नेल्या आणि १४७५ मध्ये त्या राजाच्या एका कारभाऱ्याच्या हाती पडल्या. तिथून त्या रशियन इतिवृत्तात उतरवल्या गेल्या. पुढे जवळजवळ साडेतीनशे वर्षे त्या विस्मृतीत होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी करामझिन या इतिहासकाराला त्या एका मठाच्या ग्रंथालयात सापडल्या. ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ हे त्यांचे नाव आता जगभर माहीत आहे.

या वह्यांची भाषाही निकितीनसारखीच अनेक देश हिंडलेली आहे. मजकूर रशियन, मध्येच तुर्की, फारसी, अरबी शब्द. मायदेशासाठी मागितलेली दुआ त्याने तुर्की मिश्रित बोलीत लिहिली. आपल्या देशासारखा देश नाही, पण तिथले सरदार न्यायी नाहीत, हे दुखणेही त्याने त्याच बोलीत मांडले. शेवटची प्रार्थना तर अरबी शब्दांची आहे. तीत अल्लाहची नावे आहेत आणि हजरत ईसांना सलाम आहे. त्यावरून हा शेवटी मुसलमान झाला होता की काय, असा वाद अभ्यासकांत चालतो. पण हरवलेल्या ईस्टरचे दुःख त्याने अखेरपर्यंत सोडले नाही, हेही त्याच वह्यांत दिसते.

त्वेरमध्ये १९५५ साली त्याचा पुतळा उभारला गेला. १९५७ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांनी रशियन दिग्दर्शकासोबत त्याच्यावर ‘परदेसी’ हा चित्रपट काढला. त्यात पृथ्वीराज कपूर महमूद गवान झाले होते. चौलजवळ रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे. व्यापारात त्याच्या हाती काही लागले नाही. कर्ज फिटले की नाही, कोणाला ठाऊक नाही. उपवास सोडताना त्याच्या शेजारी कोण बसले होते, त्यांची नावे त्याने लिहून ठेवली नाहीत. मात्र जुन्नरला मदतीला धावून आलेल्या ख्वाजा मोहम्मदचे नाव त्याने लिहिले आणि रशियाच्या इतिवृत्तात ते आजही आहे.