विश्लेषण : विजेच्या सुराला बोटाचा स्पर्श देणारे मॉरिस मार्तेनो कोण होते?

सिंथेसायझरची पट्टी दाबली की सूर वाजतो. पण वाजू लागलेल्या सुराचे पुढे काय? सतारवादक तार खेचून मींड घेतो, सारंगीवादक गजाचा दाब बदलून सूर फुलवतो. साध्या की-बोर्डवर प्रत्येक सुराला अशी वागणूक देता येत नाही. ही उणीव भरून काढणारे ‘एमपीई’ प्रकारचे कंट्रोलर आता बाजारात आहेत. मात्र त्यामागची कल्पना मॉरिस मार्तेनो यांनी १९२८ मध्येच प्रत्यक्षात आणली होती.

कोण होते मार्तेनो?

मार्तेनो यांचा जन्म १८९८ मध्ये पॅरिसमध्ये झाला. ते चेलोवादक होते. पहिल्या महायुद्धात त्यांनी बिनतारी संदेश विभागात काम केले. तेथील रेडिओ यंत्रांतून निघणाऱ्या शिट्टीसारख्या शुद्ध आवाजांनी त्यांचे लक्ष वेधले. या आवाजाला चेलोसारखे बोलके करता येईल का, या प्रश्नाने त्यांचा पुढे पिच्छा सोडला नाही.

वाद्य कसे चालायचे?

कानाला ऐकू न येणाऱ्या दोन अतिउच्च वारंवारितेच्या विद्युत लहरी एकत्र आल्या, की त्यांच्यातील फरकाएवढ्या वारंवारितेचा सूर ऐकू येतो. रशियन संशोधक लिओन थेरेमिन यांचे वाद्यही याच तत्त्वावर चालत असे, पण ते हवेत हात हलवून वाजवायचे. मार्तेनो यांना वादकाच्या बोटाला काहीतरी जाणवायला हवे होते.

‘ओंद मार्तेनो’ या त्यांच्या वाद्यात उजव्या हाताच्या बोटात तारेला जोडलेली अंगठी असे. ती डावी-उजवीकडे सरकवली की सूर अखंड घसरत जाई. आपल्या भाषेत मींड. डाव्या हाताखाली एक कळ असे. ती जितकी दाबावी तितका आवाज वाढे. बोट उचलले की शांतता. पुढे त्यांनी असा की-बोर्ड जोडला, की पट्टी दाबून किंचित आडवी हलवली तर सूर थरथरत असे.

जगाने दखल कशी घेतली?

१९२८ मध्ये पॅरिसच्या ऑपेरागृहात वाद्याचे जाहीर सादरीकरण झाले. मार्तेनो यांच्या भगिनी जिनेत या त्याच्या आघाडीच्या वादक ठरल्या. १९४९ मध्ये ऑलिव्हिए मेसियाँ यांची ‘तुरंगलीला’ ही सिंफनी बोस्टनमध्ये प्रथम सादर झाली, तेव्हा हे वाद्य त्यांनीच वाजवले. सिंफनीचे नाव संस्कृत शब्दांवरून घेतलेले आहे. भारताशी या वाद्याचा आणखी एक धागा आहे. भारतीय संगीतातील सूक्ष्म स्वरांतरे वाजवता यावीत म्हणून १९३८ मध्ये रवींद्रनाथ टागोर आणि आलँ दानिएलू यांच्यासाठी त्याची खास आवृत्ती तयार करण्यात आली होती.

१९४७ पासून पॅरिस कॉन्झर्वेतवारमध्ये मार्तेनो स्वतः हे वाद्य शिकवू लागले.

मग ते मागे का पडले?

हे हाताने घडवलेले, नाजूक वाद्य होते. वाजवायला शिकण्यात वर्षे जात आणि एका वेळी एकच सूर निघे. १९७०च्या दशकात सुटसुटीत सिंथेसायझर आले. १९८३ मध्ये ‘मिडी’ हे समान मानक आले आणि वाद्ये एकमेकांशी बोलू लागली. पण त्याची रचना प्रामुख्याने की-बोर्ड डोळ्यांसमोर ठेवून झाली होती. एका चॅनेलवर चार सूर वाजत असताना त्यातील एकच वर खेचायचा म्हटले, तर चारही खेचले जात. मार्तेनो यांचे १९८० मध्ये निधन झाले आणि त्याच दशकात मूळ वाद्याची निर्मितीही थांबली.

कल्पना परत कशी आली?

‘रेडिओहेड’ बँडच्या जॉनी ग्रीनवुड यांनी २००० मधील ‘किड ए’ अल्बममध्ये हे वाद्य वापरले आणि नव्या पिढीला त्याची ओळख झाली. पुढे २०१८ मध्ये ‘एमपीई’ हे अधिकृत मानक झाले. त्यात प्रत्येक सुराला स्वतंत्र मिडी चॅनेल मिळते. त्यामुळे प्रत्येक बोटाची सरक, दाब आणि पुढे-मागे हालचाल वेगळी ओळखली जाते. सीबोर्ड, लिनस्ट्रुमेंट, ऑस्मोस ही त्याची उदाहरणे. मार्तेनो यांना एका सुरासाठी जे साधले, ते आता प्रत्येक बोटासाठी शक्य झाले आहे.

वापरताना काय पाहावे?

सॉफ्टवेअरमध्ये एमपीई सुरू आहे ना, हे आधी तपासावे. कंट्रोलर आणि सिंथेसायझर दोन्हीकडे पिच बेंडची मर्यादा सारखी ठेवावी. एमपीईत ती सहसा ४८ अर्धस्वर असते. एकीकडे ४८ आणि दुसरीकडे २ असेल, तर मींड भलत्याच सुरावर थांबेल. एका वेळी एकच सूर काढणाऱ्या सिंथेसायझरला मात्र एमपीईची गरज नाही. कंट्रोलर एकाच चॅनेलवर ठेवला, की दाब आणि सरक पुरेशी ठरते. मार्तेनो यांचे वाद्यही एकाच सुराचे होते. उरतो तो रियाज, आणि तो त्यांच्या विद्यार्थ्यांनाही चुकला नव्हता.