गोव्यातले पहिले सतरा दिवस

हॉस्टेलवर राहायला गेल्यावर घरी केलेला पहिला फोन आठवतोय? मेसची आमटी कशी पांचट आहे, पाणी कसं खारट आहे, इथले लोक कसं विचित्र बोलतात. नव्या गावाबद्दल आपण भरभरून सांगत असतो, पण खरं तर त्यात आपलं जुनं घरच जास्त असतं. काय दिसलं यापेक्षा काय नाही, याचीच यादी मोठी.

१० नोव्हेंबर १५७९ या दिवशी एका इंग्रज तरुणाने गोव्यातून लंडनला आपल्या वडिलांना अशीच एक यादी लिहून पाठवली. त्याला गोव्यात उतरून जेमतेम सतरा दिवस झाले होते. वय तिशीच्या आसपास. नाव थॉमस स्टीफन्स. पुढे मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणारे फादर स्टीफन्स ते हेच. पण त्या दिवशी त्याला मराठीचा एक शब्दही येत नव्हता.

हा पोरगा इतक्या लांब आला कसा? त्याचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यात झाला. वडील व्यापारी, खाऊनपिऊन सुखी घर. अडचण एकच होती, धर्माची. राणी पहिल्या एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक असणं म्हणजे कायम पोलिसांचा ससेमिरा मागे लावून घेणं. थॉमस पाउंड नावाच्या श्रीमंत मित्राबरोबर त्याने बेत आखला की इंग्लंड सोडायचं, रोम गाठायचं आणि जेझुइट संघात दाखल व्हायचं. निघायच्या आधीच पाउंड पकडला गेला. त्याच्या आयुष्याची पुढची जवळपास तीस वर्षं तुरुंगांत गेली. स्टीफन्स एकटाच रोमला पोचला आणि १५७५ मध्ये संघात दाखल झाला. तिथून त्याने पूर्वेकडे जायचं ठरवलं. थोडक्यात, मागे परतायचा रस्ता जवळपास बंदच होता. जिवलग मित्र गजाआड, आणि स्वतःच्या देशात आपण गुन्हेगार. अशा अवस्थेत तो लिस्बनच्या बंदरात उभा होता.

४ एप्रिल १५७९ ला पाच जहाजांचा ताफा निघाला. कर्णे वाजले, तोफा झाल्या. आठवडाही झाला नसेल, तोच मदेइराजवळ एक जहाज त्यांच्यावर चालून आलं. चार-दोन गोळे टाकले, पण पोर्तुगीजांनी मोठ्या तोफा बाहेर काढताच आल्या वाटेने निघून गेलं. ते जहाज होतं इंग्रजांचं. घर सोडल्यावर इतक्या वर्षांनी आपल्या माणसांचं दर्शन झालं ते असं, तोफेच्या तोंडाशी. इतकं देखणं जहाज असल्या कामाला लागलेलं पाहून आपल्याला वाईट वाटलं, एवढंच त्याने वडिलांना कळवलं.

मग गिनीच्या किनाऱ्याजवळची ती कुप्रसिद्ध शांतता आली. वारा पडलेला, उकाडा जीवघेणा आणि जहाज जागच्या जागी. त्यातच स्कर्व्हीने गाठलं. ताजी फळं-भाजी महिनोन्‌महिने पोटात गेली नाही की हा रोग होतो, हे आज शाळेतली मुलंही सांगतील. तेव्हा त्याचं नेमकं कारण कळलेलं नव्हतं. हिरड्या सुजायच्या, कापून काढाव्या लागायच्या. पाय सुजायचे, अंग असं जड व्हायचं की हात उचलवायचा नाही. त्या जहाजावर दीडशेहून जास्त माणसं आजारी पडली आणि सत्तावीस दगावली. एवढ्यावर भागलं म्हणून बाकीच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, कारण एरवीचा हिशोब याहून वाईट असायचा. स्टीफन्स मात्र ठणठणीत राहिला. हा काही टिकत नाही, असं ज्यांना वाटलं होतं ते बघतच राहिले.

२९ जुलैला आफ्रिकेचं दक्षिण टोक ओलांडलं, पण पुढे वाट चुकली. भारत जवळ आला असं वाटत असताना जहाज तांबड्या समुद्राच्या तोंडाशी, सोकोत्रा बेटाजवळ निघालं. त्या काळी समुद्रात पूर्व-पश्चिम आपण नेमके कुठे आहोत हे मोजायचं साधनच नव्हतं. खलाशी पक्ष्यांवरून, पाण्यावर तरंगणाऱ्या फांद्यांवरून आणि सापांवरून जमीन किती लांब आहे याचा अंदाज बांधायचे. जुन्या नोंदवह्यांत असल्या खुणा लिहून ठेवलेल्या असायच्या. स्टीफन्सला याचं फार अप्रूप वाटलं. अनोळखी जागी आधी खुणा वाचायला शिकायचं, हा धडा त्याने कदाचित तिथेच घेतला असावा. अखेर २४ ऑक्टोबरला गोवा आलं. लिस्बन सोडल्याला २०३ दिवस झाले होते.

आता त्या पत्राकडे वळू. पत्राचा बहुतेक भाग प्रवासानेच भरलाय. गोव्याच्या वाट्याला आल्या आहेत शेवटच्या थोड्याशा ओळी. त्यांत काय आहे? माणसं सावळी आहेत. गरीब लोक कमरेला वीतभर कापड गुंडाळतात, बाकी उघडेच असतात, आणि आपण युरोपीय एवढा थाटमाट करूनही त्यांना आपल्यापेक्षा काही कमी असल्यासारखं वाटत नाही. युरोपात पाहिलेलं एकही झाड इथे नाही. द्राक्षाचा वेल तेवढा आहे, पण तो कामाचा नाही, दारू पोर्तुगालहून येते. लोक पाणी पितात, माडाची ताडी पितात. झाडंपेडं आणि फळं यांविषयी लिहायचं तर आणखी एक पत्र लागेल, तब्येत बरी राहिली तर पुन्हा लिहीन. संपलं.

जरा थांबून पाहा. रंग, कपडे, झाडं, पेयं. जे डोळ्यांना दिसतं आणि जिभेला कळतं तेवढंच. आजूबाजूला दिवसभर लोक बोलत असणार. घाटावर, बाजारात, चर्चच्या पायऱ्यांवर. पण ते काय बोलतात, याबद्दल पत्रात अवाक्षर नाही. सतरा दिवसांत तो आवाज त्याच्या दृष्टीने नुसता कलकलाट होता. यात त्याला नावं ठेवण्यासारखं काही नाही. आपलंही असंच होतं. पण पहिल्या आठवड्यांतलं मत हेच आपलं शेवटचं मत व्हायचं कारण नाही, हे त्याच्या पुढच्या आयुष्यातून कळतं.

पत्र लिहून आठवडा होतोय तोच, १७ नोव्हेंबरला, गोव्यातून तीन जेझुइट निघाले. अकबर बादशहाने धर्मचर्चेसाठी पाद्र्यांना बोलावणं धाडलं होतं. त्यांचा म्होरक्या होता रुडॉल्फ अक्वाविवा, हाही तरुणच. एकाच्या वाट्याला मोगल दरबार आला. स्टीफन्सच्या वाट्याला आली साष्टी, म्हणजे मडगाव, राय, राशोल, कुंकळ्ळी या गावांचा तालुका. तिथे ना दरबार, ना बादशहा. भातशेती, माड आणि गावकरी.

इथून पुढे त्यांना अहोजाहो करायला हवं, कारण आता ते फादर स्टीफन्स झाले.

साष्टी शांत नव्हती. पोर्तुगीजांनी १५६७ मध्ये तिथली देवळं पाडली होती. जुनी पोथी-पुराणं वाचायलाही बंदी होती. लोकांच्या मनात राग धुमसत होता. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीत त्याचा भडका उडाला. गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केलं. त्यांत अकबराच्या दरबारातून नुकताच परतलेला अक्वाविवाही होता. मृतदेह ताब्यात घेऊन त्यांचं दफन करण्याच्या कामात स्टीफन्स होते. पुढे पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळणेच्या किल्ल्यात बोलावलं आणि मारलं. दोन्ही बाजूंचं रक्त सांडलं होतं, आणि स्टीफन्स ज्यांच्या बाजूचे होते ती बाजू राज्यकर्त्यांची होती. हे विसरून त्यांची गोष्ट सांगता येत नाही.

अशा वेळी माणूस काय करेल? बदली मागेल, नाहीतर कडवा होईल. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला स्टीफन्सनी पॅरिसमधल्या आपल्या भावाला पत्र लिहिलं. गोव्यात उतरल्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षं झाली होती. या पत्रात माडाचा कसा एकूण एक भाग माणसाच्या उपयोगी पडतो, ते सविस्तर आलंय. म्हणजे जी झाडं कोणत्याच ओळखीच्या झाडासारखी नव्हती, ती आता ओळखीची झाली होती. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे या पत्रात भाषा आल्या. इथल्या भाषा कानाला गोड लागतात आणि त्यांची ठेवण ग्रीक-लॅटिनसारखी आहे, असं त्यांनी लिहिलं. कलकलाटाचं व्याकरण झालं होतं. संस्कृत आणि युरोपीय भाषांचं नातं सांगणारा विल्यम जोन्स त्यानंतर दोनशे वर्षांनी आला.

त्याच सुमाराला राल्फ फिच आणि त्याचे सोबती असे काही इंग्रज व्यापारी हेर असल्याच्या संशयावरून गोव्याच्या तुरुंगात येऊन पडले. स्टीफन्सनी खटपट करून त्यांना जामिनावर सोडवलं. धर्म वेगळा होता, पण बोली घरची होती. परमुलखात आपली भाषा ऐकू आली की काय वाटतं, हे त्यांना पुरतं ठाऊक झालं असणार. मग साष्टीतल्या माणसाला त्याच्या भाषेत काही ऐकायला मिळालं तर त्याला काय वाटेल, हेही त्यांना कळलं नसेल का?

नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची एक तक्रार होती. आमची पुराणं काढून घेतलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला वाचायला काय देता? प्रश्न रास्त होता. पोथी काढून घेणाऱ्यांच्याच गोटातल्या या माणसाने त्याचं उत्तर द्यायला घेतलं, तेही मराठीत आणि ओवीत. जगाच्या उत्पत्तीपासून येशूच्या जन्मामरणापर्यंतची कथा त्यांनी १०,९६२ ओव्यांमध्ये सांगितली. १६१६ मध्ये हे ‘ख्रिस्तपुराण’ राशोलला छापलं गेलं, रोमन लिपीत. देशी लिपीचे खिळे पाडायची त्यांची इच्छा होती, १६०८ मध्ये त्यांनी तशी परवानगीही मागितली होती, पण ते काही जमलं नाही. आणि मजा म्हणजे त्या पुराणात त्यांनी मराठी भाषेची जी तारीफ केलीय, ती आजही मराठी दिनाच्या भाषणांत हमखास ऐकू येते. कोकणीचं त्यांनी लिहिलेलं व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये छापलं गेलं.

१६१९ मध्ये ते गोव्यातच वारले. चाळीस वर्षं झाली होती. इंग्लंडला ते पुन्हा कधीच गेले नाहीत. नंतर पोर्तुगीज सरकारने १६८४ मध्ये स्थानिक भाषेवरच बंदीचा हुकूम काढला. तरी ख्रिस्तपुराण तगलं. मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती घरांनी त्याच्या हस्तलिखित प्रती जपल्या, आणि १९०७ मध्ये तिथेच ते पुन्हा छापलं गेलं.

वडिलांना लिहिलेलं ते पहिलं पत्रही टिकलंय. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये प्रवासवर्णनांच्या संग्रहात ते छापलं गेलं. कुणी त्या शेवटच्या थोड्या ओळींवरून स्टीफन्सना जोखलं असतं, तर हा माणूस इथे उपराच राहणार असं म्हटलं असतं. त्या ओळी लिहिताना त्यांनाही बहुतेक तसंच वाटत असावं.

तेव्हा नव्या शहरात गेल्यावर तुमच्या पहिल्या फोनमध्ये आमटीची तक्रार असली तरी हरकत नाही. ती करावीच. फक्त खोलीच्या बाहेर लोक बोलत असतात, तिकडेही कान असू द्यावा.