पदवीच्या उंबरठ्यावरील संकल्प

भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या प्रातःकाळी घरोघरी श्रीगजाननाची मूर्ती पाटावर विराजमान होते. यजमान आचमन करतो, प्राणायाम करतो आणि पूजेस आरंभ करण्यापूर्वी देश, काल, गोत्र व नाम यांचा उच्चार करून संकल्प सोडतो. मी कोण, कोठे उभा आहे आणि काय करणार आहे, हे देवापुढे एकदा निश्चयाने सांगावयाचे आणि मगच प्राणप्रतिष्ठा, षोडशोपचार, आरती, नैवेद्य. संकल्पावाचून केलेले कर्म आपले शास्त्र पूर्ण मानीत नाही. मखराच्या आणि मोदकांच्या गडबडीत या पहिल्या पायरीकडे आपले फारसे लक्ष जात नाही, हा भाग निराळा.

ज्या लोकमान्य टिळकांनी १८९३-९४ च्या सुमारास या घरगुती उत्सवास सार्वजनिक चालना दिली, त्यांच्या आयुष्यातही असा एक संकल्पाचा क्षण आहे. तो त्यांनी देवघरात सोडला नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या परिसरात, कायद्याची पदवी हातात पडण्याच्या सुमारास सोडला. वयाची पुरती तेवीस वर्षेही तेव्हा क्वचितच झालेली असतील. केसरीचे संपादक, मंडालेचे बंदिवान आणि गीतारहस्याचे कर्ते टिळक सर्वांस ठाऊक आहेत. पदवीच्या उंबरठ्यावर उभे राहून पुढे काय करावे याचा निर्णय घेणारे तरुण टिळक मात्र मागे राहून जातात. आजच्या मंगल दिनी त्यांचेच स्मरण करावे, असे आम्हांस वाटते.

बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरी येथे झाला. मूळ गाव दापोली तालुक्यातील चिखलगाव. वडील गंगाधरपंत हे शिक्षक. संस्कृत आणि गणित या दोन्ही विषयांत त्यांची उत्तम गती होती. १८६६ साली गंगाधरपंतांची बदली पुण्यास झाली आणि त्याच वर्षी मातोश्री पार्वतीबाई निवर्तल्या. १८७१ साली बाळचा विवाह झाला, आणि पुढच्याच वर्षी, मॅट्रिकची परीक्षा तोंडावर आली असताना, पितृछत्रही हरपले. सोळा वर्षांचा तो मुलगा परीक्षा उत्तीर्ण होऊन चुलते गोविंदरावांच्या आधाराने १८७३ साली डेक्कन कॉलेजात दाखल झाला.

मुळा-मुठेच्या पलीकडे, येरवड्याच्या बाजूस उभारलेल्या दगडी इमारतीत हे कॉलेज भरत असे. तेथील पहिले वर्ष टिळकांनी पुस्तकांत घालविले नाही. प्रकृती किरकोळ होती. ती सुधारल्यावाचून पुढील श्रम झेपणार नाहीत, असे ठरवून त्यांनी तालीम, कुस्ती आणि नदीतील पोहणे यांना वाहून घेतले. परिणामी त्या वर्षीच्या परीक्षेत अपयश आले. मंडालेचा सहा वर्षांचा कारावास ज्या शरीराने सोसला, त्याची घडण त्या वाया गेलेल्या वर्षात झाली होती. पुढे केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारख्या नामांकित गणितज्ञाचे अध्यापन लाभले, आणि १८७६-७७ मध्ये टिळक गणित विषय घेऊन पहिल्या वर्गात बी.ए. झाले.

येथे त्या काळाची थोडी कल्पना करून घेतली पाहिजे. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. त्याचे पहिले मोजके पदवीधर बाहेर पडले ते १८६२ साली, आणि त्यांत रानडे व भांडारकर होते. म्हणजे पदवीधर हा प्राणीच महाराष्ट्रात अवघ्या पंधरा वर्षांचा जुना! बी.ए. झालेल्या तरुणास सरकारी खात्याची दारे उघडी असत. शिक्षणखाते, न्यायखाते, मामलत. यांपैकी एखाद्या पायरीवर पाय ठेवला की घराण्याचे दारिद्र्य एका पिढीत फिटे. मुलगा पदवीधर झाला म्हणजे आता त्यास हुद्दा मिळणार, हे घरातील वडील मंडळी गृहीतच धरीत, आणि त्यात त्यांची चूक काही नव्हती.

गणितात एवढी गती असलेल्या टिळकांनी पुढील मार्ग गणिताचा न धरता कायद्याचा धरला, याचे स्नेह्यांस नवल वाटले. सर्वांचा तर्क वकिलीकडे किंवा मुन्सफीकडे धावला. टिळकांच्या मनात निराळेच होते. परक्या सत्तेखाली ज्यास लोकांचे काम करावयाचे आहे, त्यास त्या सत्तेचा कायदा तिच्या अधिकाऱ्यांइतकाच ठाऊक असला पाहिजे, हा तो विचार. १८७९ साली ते एलएल.बी. झाले. मात्र त्या पदवीवर न्यायासनाची खुर्ची मिळवावी, अशी इच्छा त्यांनी धरली नाही.

याच दिवसांत त्यांचा स्नेह जुळला तो गोपाळ गणेश आगरकर यांच्याशी. आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ चा, कऱ्हाडजवळील टेंभू गावचा. म्हणजे दोघांच्या वयात अवघ्या नऊ दिवसांचे अंतर. परिस्थितीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक होता. टिळकांच्या घरी खाण्यापिण्याची ददात नव्हती. आगरकरांनी कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला असे ठिकठिकाणी हाल सोशीत, पडेल ते काम करीत विद्या मिळविली होती. १८७८ साली ते बी.ए. झाले आणि एम.ए.च्या अभ्यासास लागले. देवधर्माविषयी दोघांची मते जुळत नव्हती. आगरकर कट्टर बुद्धिवादी. टिळकांची परंपरेवर श्रद्धा. तरीही रात्र रात्र जागून दोघे बोलत. कधी खोलीत, कधी कॉलेजामागच्या टेकडीवर, कधी आवाज एवढे चढत की शेजारच्या विद्यार्थ्यांची झोप मोडे.

बोलण्यास विषयही तसेच होते. १८७६ ते १८७८ या काळातील दुष्काळाने दख्खन होरपळून निघाले होते. १८७८ साली देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आला. १८७९ च्या जुलैत वासुदेव बळवंत फडके पकडले गेले, आणि त्यांचा खटला पुण्यातच चालला. हे सारे डोळ्यांदेखत घडत असताना आपण शिकलो ते कशासाठी, हा प्रश्न त्या दोन मित्रांना झोपू देत नव्हता. पुष्कळ वादानंतर दोघांनी निश्चय केला तो असा: सरकारी नोकरी करावयाची नाही, स्वस्त आणि स्वतंत्र शिक्षण देणारी शाळा काढावयाची आणि त्या कामी आयुष्य वेचावयाचे.

हे लिहिणे सोपे आहे. त्या वेळी करणे सोपे नव्हते. आगरकरांच्या घरी वृद्ध आई होती. मुलगा मोठमोठ्या परीक्षा देतो आहे, आता आपले पांग फिटतील, या आशेवर तिने दिवस काढले होते. त्या माउलीस आगरकरांनी पत्र लिहून कळविले की मोठ्या पगाराची वाट पाहू नये. पोटापुरते मिळवून आपण उरलेला वेळ परहितार्थ खर्च करणार आहोत. ते पत्र वाचून त्या घरावर काय गुदरले असेल, याची कल्पना आईबापांनीच करावी. आम्हांस वाटते की त्या निश्चयाची खरी किंमत त्या दोन तरुणांनी एकट्यांनी भरली नाही. त्यांच्या घरच्यांनीही ती मुकाट्याने भरली. आगरकरांची आई, यशोदाबाई आणि टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई यांची नावे म्हणूनच या कथेत आदराने घेतली पाहिजेत.

त्याच सुमारास निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शिक्षकाची नोकरी सोडून पुण्यास आले होते आणि शाळा काढण्याच्याच विचारात होते. दोघे मित्र त्यांस जाऊन भेटले. शब्द देणारे आणखीही काही होते. पण ऐन वेळी ते मागे राहिले. आगरकरांची एम.ए.ची परीक्षा व्हावयाची होती. तेव्हा १८८० च्या जानेवारीच्या आरंभी न्यू इंग्लिश स्कूल उघडले ते शास्त्रीबुवा आणि टिळक यांच्या भरवशावर. माधवराव नामजोशी आणि वामन शिवराम आपटे त्यांस येऊन मिळाले, आणि परीक्षा होताच आगरकरही दिलेल्या शब्दाप्रमाणे हजर झाले. १८८१ च्या जानेवारीत केसरी आणि मराठा ही पत्रे निघाली.

संकल्पाची कसोटी लवकरच लागली. कोल्हापूरच्या प्रकरणातील लेखनाबद्दल १८८२ साली टिळक व आगरकर या दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली, आणि मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. सरकारी हुद्द्यावर असावयाचे ते पदवीधर सरकारी कोठडीत जाऊन बसले! तेथेही टेकडीवरचे जुने वाद पुन्हा रंगले. त्याच वर्षी मार्चमध्ये शास्त्रीबुवा अवघ्या एकतिसाव्या वर्षी निवर्तले होते. तरी काम थांबले नाही. १८८४ च्या ऑक्टोबरात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले.

यापुढील भाग दुःखाचा आहे. पण तो टाळून चालणार नाही. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर दोघा मित्रांचे पटेनासे झाले. आगरकरांनी १८८७ साली केसरी सोडला आणि पुढच्या वर्षी सुधारक काढला. दुसरा वाद उठला तो खुद्द मूळ संकल्पाविषयीच. संस्थेच्या आजीव सभासदाने ठरलेल्या अल्प वेतनावर राहावे, बाहेरची मिळकत करू नये, आपला सारा वेळ संस्थेस द्यावा, असा टिळकांचा आग्रह होता. संसार वाढलेल्या काही सहकाऱ्यांस तो जाचक वाटला. अखेर १८९० च्या शेवटी टिळकांनी राजीनामा दिला. आपण जिला जन्म दिला, ती संस्था चौतिसाव्या वर्षी सोडून ते बाहेर पडले.

मग तो संकल्प मोडला काय? आम्हांस तसे वाटत नाही. संस्था सुटली, मार्ग वेगळे झाले. पण त्या दोघांपैकी कोणीही सरकारी चाकरीच्या दाराशी गेला नाही. टिळकांनी चरितार्थासाठी कायद्याचा वर्ग चालविला, लातूरला कापसाचा जिनिंगचा कारखाना काढला आणि लेखणी लोकांसाठी राखून ठेवली. आगरकर १८९२ पासून फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि १७ जून १८९५ रोजी, एकोणचाळीस वर्षे पुरी होण्याआधीच गेले. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे पुडीत बांधून ठेवले होते, असे सांगतात. आईस लिहिलेल्या पत्रातील शब्द त्यांनी असा अखेरपर्यंत पाळला. आणि त्यांच्यावरील मृत्युलेख सिद्ध करताना टिळकांस अश्रू आवरेनात.

विद्यार्थिदशेतील शिक्षणही वाया गेले नाही. छत्र्यांपाशी शिकलेले गणित १८९३ च्या ओरायन ग्रंथात वेदकालाच्या निर्णयास उपयोगी पडले आणि पंचांगशुद्धीच्या कार्यातही आले; कोकणातील काही घरांत आजही सणवार टिळक पंचांगाप्रमाणे होतात. ज्या कायद्याने हुद्दा मिळावयाचा, त्याच कायद्याच्या बळावर १९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात त्यांनी दिवसचे दिवस स्वतःची बाजू स्वतः मांडली. ज्याने तरुणपणी वेतनाचा मोह सोडला, त्यास साठाव्या वाढदिवशी, १९१६ साली, लोकांनी एक लक्ष रुपयांची थैली अर्पण केली. तीही त्याने देशकार्यास वाहिली.

आज पुष्कळ घरांतील मुलगा किंवा मुलगी पदवीच्या अखेरच्या वर्षात असेल. सर्वांनीच नोकरी नाकारावी, असे आम्ही म्हणणार नाही. प्रामाणिकपणे केलेली नोकरी हाही गृहस्थाश्रमाचा धर्मच आहे, आणि वृद्ध मातापित्यांचा भार उचलणे हे पुण्यकर्म आहे. परंतु मिळेल काय, हे विचारण्याआधी द्यावयाचे काय, हे एकदा ठरवावे, एवढे मात्र टिळक-आगरकरांच्या त्या रात्री सांगतात. मुलाने असा काही विचार बोलून दाखविला, तर घरच्या वडीलधाऱ्यांनी तो हसण्यावारी नेऊ नये. त्यास प्रश्न विचारावेत, अडचणी दाखवाव्यात, आणि निश्चय खरा दिसला तर पाठीवर हात ठेवावा.

उत्सव संपतो, मूर्तीचे विसर्जन होते, मखर माळ्यावर जाते. पूजेच्या आरंभी सोडलेला संकल्प तेवढा मनात राहावयाचा असतो. विद्यांचा अधिपती श्रीगजानन पदवीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या आपल्या मुलाबाळांस योग्य संकल्पाची बुद्धी देवो, आणि तो शेवटास नेण्याचे बळही देवो, हीच आजच्या दिवशी आमची त्याच्या चरणी प्रार्थना.